गिट स्टेटस नीट वाचा, मगच कमिट मारा

सुट्टीत गावाकडे आलेली डिप्लोमा-इंजिनिअरिंगची पोरंपोरी संध्याकाळी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे बसतात. आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं, लहानसं. दर आठवड्याला कोणी ना कोणी तेच घेऊन येतं, "दादा, काल तर कमिट केलं होतं जी, आज फाइल जुनीच दिसून राहिली," नाहीतर, "माहं रात्रीचं सगळं काम उडालं." उलटं शोधत गेलं की बहुतेक वेळा गिट, म्हणजे फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, बिघडलेलं नसतंच, फाइल त्या क्षणी कोणत्या अवस्थेत होती हे न पाहताच पुढची कमांड मारलेली असते. सगळे 'गिट ॲड' आणि 'गिट कमिट' पाठ करून येतात, फाइलींची अवस्था सांगणारं 'गिट स्टेटस' मात्र मारतात आणि त्याचं उत्तर वाचतच नाहीत. म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंतचा क्रम एकदाचा लिहून काढला.

कमांड मी इथं बोलतो तशा देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनं आणि सगळ्या लहान अक्षरांत करा, 'डॉट' लिहिलंय तिथं नुसता टिंब. उदाहरणासाठी आमच्या पोरांचा खरा प्रोजेक्ट घेतो, कापसाच्या काटापावत्यांचा हिशोब ठेवणारा छोटा पायथन प्रोग्राम, फोल्डरचं नाव 'कापूस-हिशोब'.

आधी अवस्था डोक्यात बसवा

हे समजल्याशिवाय पुढं जाऊ नका, कारण स्टेटसमधली प्रत्येक ओळ याच्यावरच उभी आहे.

कापूस वेचून घरी आणून टाकला, ढीग वाढला, पण अजून कुठं गेला नाही. ही झाली मॉडिफाइड फाइल, म्हणजे तुम्ही बदल केला आणि तो फक्त तुमच्या फोल्डरमध्ये आहे. त्यातला जेवढा कापूस गाडीत भरला तेवढा स्टेज्ड, 'गिट ॲड' म्हणजे गाडी भरणं. गाडी काट्यावर गेली, वजन झालं, पावती फाटली, ते कमिट. आणि पावतीची नक्कल गावाबाहेरच्या ऑफिसात, म्हणजे गिटहबसारख्या इंटरनेटवरच्या सर्व्हरवर, पोचली की झालं पुश.

आता यातली खरी गोम पाहा. गाडी भरल्यावर तुम्ही घरी परत आले आणि अजून दोन मण कापूस वेचला, तर तो आपोआप गाडीत जाऊन पडत नाही. काट्यावर तेवढंच वजन होईल जेवढं भरताना गाडीत होतं. गिटमध्ये अगदी हेच होतं, 'ॲड' केल्यानंतर त्याच फाइलमध्ये पुन्हा काही लिहिलं तर कमिटमध्ये जुनं रूप जातं. "कमिट केलं तरी फाइल जुनीच" या तक्रारीमागं पुष्कळदा एवढंच निघतं.

अजून एक अवस्था, अनट्रॅक्ड. फोल्डरमध्ये फाइल आहे पण गिटच्या वहीत तिची नोंदच नाही. अशी फाइल तुम्ही डिलीट केली तर गिट तुम्हाला ती परत देऊ शकत नाही, कारण त्याच्याकडे ती कधी नव्हतीच.

तयारी: एकदाच करायच्या गोष्टी

'गिट --व्हर्जन' मारून पाहा. २.२३ च्या आधीचं असेल तर नवीन टाका, कारण 'गिट रिस्टोर' ही कमांड २०१९ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या त्या व्हर्जनपासून आहे आणि खाली ती बरेचदा लागणार आहे.

दुसरी गोष्ट आपल्या मराठी लोकांसाठी फार कामाची, आणि ती कोणी सांगत नाही. फाइलचं नाव देवनागरीत असेल, समजा 'सातबारा' किंवा 'काटापावती', तर स्टेटसमध्ये नाव दिसतच नाही, त्याच्या जागी उलट्या तिरप्या रेघा आणि ३४०, २४४, २४५ असे आकडे दिसतात. एका पोरीनं ते पाहून फाइल करप्ट झाली समजून डिलीट करून टाकली होती. फाइलला काहीही झालेलं नसतं, साध्या इंग्रजीबाहेरची अक्षरं गिट आपल्याआप अशा आकड्यांत दाखवतं. हे एकदा मारा:

'गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स'

त्यानंतर नावं मराठीतच दिसतील.

तिसरं, विंडोज असेल तर फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत जाऊन फाइलचं एक्सटेन्शन दाखवा आणि लपलेल्या फाइलीही दाखवा, ही दोन्ही सेटिंग चालू करा. हे का, ते 'डॉट गिटइग्नोर'च्या वेळी कळेल. आणि एडिटरमध्ये ऑटोसेव्ह चालू ठेवा, आपल्याकडे लाइन कधी जाईल सांगता येत नाही.

१. बरोबर फोल्डरमध्ये आहात का ते पाहा

टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडलं की पहिली कमांड ही:

'गिट रेव्ह-पार्स --शो-टॉपलेव्हल'

ही सांगते की गिट ज्याला आपला प्रोजेक्ट समजतंय त्याचं मूळ फोल्डर कोणतं. उत्तरात 'कापूस-हिशोब' आलं तर ठीक. 'डेस्कटॉप' किंवा तुमच्या युजरचंच फोल्डर आलं तर तिथंच थांबा. कधीतरी चुकून चुकीच्या जागी 'गिट इनिट' (त्या फोल्डरवर गिट सुरू करणारी कमांड) मारलं गेलंय आणि आता गिट तुमचे लग्नाचे फोटो, परीक्षेचे फॉर्म, सगळंच अनट्रॅक्ड म्हणून मोजतंय. अशा वेळी 'गिट ॲड .' मारलं तर काय होईल ते सांगायला नको. खात्री करून त्या चुकीच्या जागचं लपलेलं 'डॉट गिट' फोल्डर काढावं लागतं, पण नाव दोनदा वाचा, कारण प्रोजेक्टच्या आतलं 'डॉट गिट' उडवलं तर तुमचा सगळा इतिहास गेला.

उत्तर "नॉट अ गिट रिपॉझिटरी" असं आलं तर तुम्ही बाहेरच्या फोल्डरमध्ये आहात, 'सीडी' करून आत जा. इथं बरेच जण घाईघाईनं 'गिट इनिट' मारतात आणि प्रोजेक्टच्या बाहेर अजून एक रिपॉझिटरी (गिटनं नोंद ठेवायचं फोल्डर) तयार करून बसतात.

पेन ड्राइव्हवरून प्रोजेक्ट उघडला तर "डिटेक्टेड ड्युबियस ओनरशिप" असा एरर येऊ शकतो. फोल्डरचा मालक तुम्हीच आहात हे गिटला पटत नाही म्हणून ते थांबतं. पेन ड्राइव्हच्या फॉरमॅटमध्ये बहुधा मालकाची नोंदच राहत नाही, त्यामुळं असं होतं. सगळ्यात चांगलं म्हणजे प्रोजेक्ट लॅपटॉपवर ठेवा, पेन ड्राइव्हवर काम करूच नका.

२. आधी सेव्ह, मग स्टेटस

गिट डिस्कवरची फाइल वाचतं, तुमच्या एडिटरच्या स्क्रीनवर काय दिसतं ते त्याला माहीत नसतं. व्हीएस कोड या एडिटरमध्ये टॅबवर गोल ठिपका असेल तर फाइल सेव्ह नाही. सगळं सेव्ह करा, मग:

'गिट स्टेटस'

ही कमांड तुमच्या कोणत्याही फाइलमधलं एक अक्षरही बदलत नाही. दिवसातून शंभर वेळा मारा, काही नुकसान नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण गिटची धास्ती घेतलेली पोरं स्टेटस मारायलाही कचरतात आणि तिकडं 'रीसेट --हार्ड' मात्र कुठून तरी कॉपी करून बिनधास्त चिकटवतात.

३. वरच्या दोन ओळी आधी

सगळ्यांची नजर सरळ लाल-हिरव्या नावांवर जाते, पण पहिली ओळ त्याहून महत्त्वाची. तिथं "ऑन ब्रँच मेन" असं काहीतरी असतं, ब्रँच म्हणजे प्रोजेक्टच्या कामाची एक वेगळी फांदी. तुम्हाला ज्या ब्रँचवर काम करायचं होतं तीच आहे का पाहा. "हेड डिटॅच्ड ॲट" दिसलं तर तुम्ही कोणत्याच ब्रँचवर नाही, जुन्या एखाद्या कमिटवर जाऊन उभे आहात. तिथं कमिट केलं आणि मग दुसऱ्या ब्रँचवर गेले की ते कमिट कुठंच दिसत नाही. आधी 'गिट स्विच -सी नवीन-नाव' करून ब्रँच बनवा आणि मगच पुढचं काम करा.

दुसरी ओळ सर्व्हरबद्दलची, "युवर ब्रँच इज अप टू डेट" वगैरे. तिच्यावर आत्ता विश्वास ठेवू नका, का ते सातव्या टप्प्यात सांगतो. ही ओळ दिसतच नसेल तर तुमची ब्रँच सर्व्हरवरच्या कोणत्याही ब्रँचला जोडलेली नाही. पहिल्या पुशला 'गिट पुश -यू ओरिजिन मेन' केलं की जोडली जाते.

४. फाइलींचे गट वाचा

खाली जास्तीत जास्त तीन गट दिसतात, मर्ज (दोघांचं वेगवेगळं काम एकत्र करणं) अडकलेलं असेल तर चौथा.

"चेंजेस टू बी कमिटेड" म्हणजे गाडीत भरलेला माल, हिरव्या रंगात. आत्ता कमिट मारलं तर फक्त एवढंच जाईल. "चेंजेस नॉट स्टेज्ड फॉर कमिट" म्हणजे घरातला ढीग, लाल. आणि "अनट्रॅक्ड फाइल्स" म्हणजे नोंद नसलेल्या, त्याही लाल. रंग एकच असल्यामुळं या दोन गटांची गल्लत होते, म्हणून रंगावर जाऊ नका, वरचं शीर्षक वाचा.

एकच फाइल हिरव्यात पण आणि लालमध्ये पण दिसली तर ती चूक नाही राजेहो, ती तीच गाडी भरल्यावर वेचलेल्या कापसाची भानगड. नवं रूपही पाठवायचं असेल तर त्या फाइलला पुन्हा 'ॲड' करा.

प्रत्येक गटाच्या खाली कंसात बारीक सूचना असते, "यूज गिट रिस्टोर..." अशी. ती सजावट नाही, त्या क्षणी लागू पडणारी कमांड गिट स्वतः सांगून राहिलं. इकडंतिकडं शोधण्याआधी ती वाचा.

फाइली जास्त असतील तर 'गिट स्टेटस -एस' हे छोटं रूप बरं पडतं. त्यात प्रत्येक नावाच्या आधी दोन जागा असतात, डावी जागा गाडीची आणि उजवी घरच्या ढिगाची. डावीकडे एम म्हणजे बदल स्टेज झाला, उजवीकडे एम आणि डावी जागा रिकामी म्हणजे बदल आहे पण भरलेला नाही, दोन्हीकडे एम म्हणजे भरला आणि नंतर पुन्हा बदलला. ए म्हणजे नवीन फाइल नोंदवली, डी म्हणजे डिलीट, आर म्हणजे नाव बदललं, आणि ?? म्हणजे अनट्रॅक्ड.

सावधान: व्हीएस कोडच्या साइडबारमध्ये यू म्हणजे अनट्रॅक्ड, पण या कमांडच्या छोट्या रूपात यू म्हणजे मर्जमध्ये अडकलेली फाइल. अक्षर एक, अर्थ दोन.

तपासणी: अनट्रॅक्डमध्ये नुसतं एखाद्या फोल्डरचं नाव दिसलं, समजा 'फोटो/', तर आत किती फाइली आहेत ते दिसत नाही. 'गिट स्टेटस -यूऑल' मारा, एकूण एक नाव दिसेल. उलट रिकामं फोल्डर तर स्टेटसमध्ये येतच नाही, कारण गिट फक्त फाइली ओळखतं. ते हवंच असेल तर आत एक छोटी फाइल ठेवा, लोक बहुधा तिला 'डॉट गिटकीप' नाव देतात.

५. नको त्या फाइली बाजूला काढा, मग ॲड

क्रम इथंच उलटा होतो. लोक आधी 'गिट ॲड .' (फोल्डरमधलं सगळं एकदम ॲड) मारतात आणि 'डॉट गिटइग्नोर', म्हणजे गिटनं कशाकडे पाहायचं नाही त्या नावांची यादी असलेली फाइल, नंतर लिहितात. आधी अनट्रॅक्ड गटातलं एकेक नाव वाचा आणि स्वतःला विचारा, ही फाइल बाकीच्यांना पाहिजे का? पासवर्ड असलेली 'डॉट ईएनव्ही', पायथननं आपोआप बनवलेलं 'पायकॅश', कास्तकारांचे मोबाइल नंबर आणि बँक खाती असलेली एक्सेल शीट, हे सगळं 'डॉट गिटइग्नोर'मध्ये गेलं पाहिजे. ती शीट तर नक्कीच, लोकांनी विश्वासानं दिलेली माहिती असते ती.

मोठ्या फाइलीकडेही लक्ष द्या. गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही, पुश अडतो, आणि तोवर ती तुमच्या कमिटमध्ये जाऊन बसलेली असते, ती मागून काढणं जिकिरीचं काम. शिवाय गावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पुश करताना एक व्हिडिओ चुकून गेला तर दिवसाचा डेटा तिथंच संपतो.

'डॉट गिटइग्नोर' बनवताना तीन चुका नेहमीच्या. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना नावामागं गुपचूप 'डॉट टीएक्सटी' लागतं, एक्सटेन्शन लपलेलं असल्यामुळं दिसत नाही, आणि गिट त्या फाइलकडे ढुंकूनही पाहत नाही. दुसरी, विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये 'इको' आणि बाणाची खूण वापरून फाइल बनवली तर ती यूटीएफ-१६ मध्ये (अक्षरं साठवायची वेगळी पद्धत) बनते, उघडून पाहिली तर बरोबर दिसते पण गिटला वाचता येत नाही. एडिटरमध्येच बनवा, यूटीएफ-८ मध्ये.

तिसरी चूक सगळ्यात जास्त होते: फाइल आधीच कमिट झालेली आहे आणि आता तिचं नाव 'डॉट गिटइग्नोर'मध्ये टाकलं. काहीच होत नाही, स्टेटसमध्ये ती येतच राहते, कारण इग्नोरचा नियम फक्त अनट्रॅक्ड फाइलींना लागतो. आधी नोंद काढा:

'गिट आरएम --कॅश्ड फाइलचं-नाव'

यानं तुमच्या डिस्कवरची फाइल राहते, गिटच्या वहीतली नोंद जाते. पण लक्षात घ्या, तुम्ही हे कमिट करून पुश केलं आणि प्रोजेक्टमधल्या जोडीदारानं पुल केलं (सर्व्हरवरचं नवं काम आपल्याकडे ओढलं) की त्याच्या फोल्डरमधून ती फाइल खरोखर डिलीट होते, त्याला आधी फोन करून सांगा. आणि त्यात पासवर्ड असेल तर नुसती नोंद काढून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये तो तसाच वाचता येतो. पासवर्ड बदला, त्याच दिवशी.

आता ॲड. नाव घेऊन करा, 'गिट ॲड पावती.पीवाय'. 'गिट ॲड .' वापरायचंच असेल तर आधी 'गिट ॲड -एन .' मारा, काय काय भरलं जाईल ते नुसतं दाखवतं, भरत नाही.

चुकून जास्त भरलं गेलं तर 'गिट रिस्टोर --स्टेज्ड फाइलचं-नाव'. गाडीतून माल खाली उतरतो, घरचा ढीग जसाच्या तसा राहतो.

थांबा, इथं काम उडतं

'गिट रिस्टोर --स्टेज्ड' आणि नुसतं 'गिट रिस्टोर' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरं मारलं की त्या फाइलमधले न भरलेले बदल पुसले जातात, रीसायकल बिनमध्येही सापडत नाहीत. वर "रात्रीचं काम उडालं" म्हणणारा पोरगा लिहिला ना, त्यानं हेच केलं होतं, पुढचा शब्द गाळला. चार तासांचं काम होतं आणि त्याचा चेहरा मला अजून आठवतो. एडिटर उघडंच होतं म्हणून कंट्रोल झेड दाबत दाबत आम्ही बरंचसं परत आणलं, पण दर वेळी असं जमेल असं नाही.

'गिट रीसेट --हार्ड' तर सगळ्या नोंदलेल्या फाइलींचे बदल एका फटक्यात पुसतं, आणि 'गिट क्लीन -एफ' अनट्रॅक्ड फाइली पुसतं. क्लीनच्या आधी नेहमी 'गिट क्लीन -एन', ते फक्त यादी दाखवतं. एक दिलासा आहे, जे एकदा 'ॲड' झालेलं होतं त्याची प्रत गिटच्या आत काही काळ पडून राहते आणि 'गिट एफएससीके --लॉस्ट-फाउंड' नं ती धुंडाळता येते, नावं मात्र नसतात, एकेक उघडून पाहावं लागतं. म्हणून मी पोरांना म्हणतो, अर्ध्या तासानं का होईना ॲड करत जा.

६. कमिटच्या आधी आणि नंतर

स्टेटस फक्त नावं सांगतं, आत काय बदललं ते सांगत नाही. 'गिट डिफ' मारलं की न भरलेले बदल दिसतात, 'गिट डिफ --स्टेज्ड' मारलं की भरलेले. नुसतं 'गिट डिफ' मारून काहीच आलं नाही म्हणून घाबरणारे पुष्कळ आहेत, सगळं भरून झालं असेल तर तिथं काही येणारच नाही, दुसरं मारा.

मग कमिट. 'गिट कमिट -एएम' ही शॉर्टकट सवय ज्यांना आहे त्यांनी हे पक्कं धरा: ती नोंद असलेल्या फाइलींचेच बदल उचलते, नवीन अनट्रॅक्ड फाइल मागंच राहते. तुमच्या लॅपटॉपवर प्रोग्राम चालतो कारण फाइल तिथं आहे, जोडीदाराकडे चालत नाही कारण ती गेलीच नाही. मग दोघं तासभर फोनवर.

तपासणी: कमिट झाल्या झाल्या पुन्हा 'गिट स्टेटस'. "नथिंग टू कमिट, वर्किंग ट्री क्लीन" आलं तर घरात काही उरलं नाही. काही उरलेलं दिसलं तर ते मुद्दाम ठेवलं की राहून गेलं, ते आत्ताच ठरवा. आणि 'क्लीन' दिसतंय पण काम गायब वाटतंय तर 'गिट स्टॅश लिस्ट' पाहा, काम स्टॅशमध्ये (अर्धवट बदल तात्पुरते बाजूला ठेवायची जागा) ठेवून लोक विसरतात. 'गिट स्टेटस --शो-स्टॅश' मारलं तर किती स्टॅश पडून आहेत तेही स्टेटस सांगतं. हेही ध्यानात ठेवा की साधा स्टॅश अनट्रॅक्ड फाइली उचलत नाही, त्याला '-यू' लावावं लागतं.

७. "अप टू डेट" वर विश्वास ठेवण्याआधी फेच

स्टेटस इंटरनेटवर जातच नाही. लाइन नसताना, रेंज नसतानाही ते चालतं याचं कारण तेच. ते फक्त एवढं पाहतं की सर्व्हरची शेवटची खबर तुमच्याकडे होती तिच्याशी तुमची ब्रँच जुळते का. ती खबर आठवड्यापूर्वीची असू शकते. म्हणजे परवाच्या बाजारभावाच्या चिठ्ठीवर आज कापूस विकायला निघण्यासारखं झालं.

म्हणून आधी 'गिट फेच', मग 'गिट स्टेटस'. फेच तुमच्या फाइलींना हात लावत नाही, फक्त खबर आणतं. त्यानंतरची ओळ खरी:

"अहेड बाय २ कमिट्स" म्हणजे तुमची दोन कमिट अजून लॅपटॉपवरच आहेत, पुश बाकी. कमिट झालं म्हणजे सर्व्हरवर गेलं असं समजणारे फार, लॅपटॉप बिघडला तर ती दोन्ही गेली. "बिहाइंड" म्हणजे जोडीदारानं काही टाकलंय, पुल करा. "हॅव डायव्हर्ज्ड" म्हणजे दोघांनीही वेगवेगळं पुढं नेलंय. अशा वेळी 'पुश --फोर्स' मारू नका, जोडीदाराची मेहनत सर्व्हरवरून पुसली जाते. आपलं सगळं कमिट करून मर्ज करा.

८. मर्ज अडकलं तर

स्टेटसमध्ये "अनमर्ज्ड पाथ्स" आणि खाली "बोथ मॉडिफाइड" दिसलं की दोघांनी एकाच जागी बदल केलाय. फाइल उघडा, सात-सात बाणांच्या खुणा दिसतील, कोणतं ठेवायचं ते ठरवून खुणा काढा, सेव्ह करा, प्रोग्राम चालवून पाहा, आणि मग 'गिट ॲड'.

सावधान: तुम्ही भांडण खरंच मिटवलं का हे गिट तपासत नाही. खुणा तशाच ठेवून 'ॲड' केलं तरी स्टेटस म्हणेल की सगळं सुटलं. कमिटच्या आधी 'गिट डिफ --स्टेज्ड --चेक' मारा, राहिलेल्या खुणा दाखवतं. अगदीच गोंधळ झाला तर 'गिट मर्ज --अबॉर्ट', मर्जच्या आधीच्या जागी परत. पण मर्ज सुरू करायच्या आधी सगळं कमिट केलेलं असेल तरच ते बिनधोक.

९. स्टेटस आणि डोळे वेगळं सांगतात तेव्हा

फाइल बदलली पण स्टेटसमध्ये येत नाही. या क्रमानं पाहा: सेव्ह झाली का, तुम्ही बदललेली फाइल याच फोल्डरमधली की डाउनलोडमधल्या दुसऱ्या कॉपीतली (हे फार होतं), ती इग्नोर तर होत नाही, 'गिट चेक-इग्नोर -व्ही फाइलचं-नाव' मारलं की कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीतला नियम तिला अडवतोय ते सांगतं. तरीही नाही तर 'गिट एलएस-फाइल्स -व्ही' मारा, नावापुढं लहान अक्षर किंवा एस दिसलं तर कोणीतरी गिटला त्या फाइलकडे दुर्लक्ष करायला सांगून ठेवलंय.

उलटं, काही न करता फाइल मॉडिफाइड दिसते आणि डिफमध्ये एकूण एक ओळ बदललेली. हा ओळीच्या शेवटाचा फरक, विंडोज एक प्रकारे ओळ संपवतं आणि लिनक्स दुसऱ्या. एकाचा लॅपटॉप विंडोज आणि दुसऱ्याचा उबुंटू असला की होतंच. प्रोजेक्टमध्ये 'डॉट गिटॲट्रिब्युट्स' फाइल बनवून तिच्यात '* टेक्स्ट=ऑटो' ही एक ओळ टाका, 'गिट ॲड --रीनॉर्मलाइज .' मारा आणि ते एकच काम वेगळ्या कमिटमध्ये करा.

अजून एक, विंडोजवर फोटोच्या नावातलं फक्त पहिलं अक्षर लहानाचं मोठं केलं तर स्टेटस काहीच दाखवत नाही. विंडोजला ते दोन्ही नाव एकच. पण सर्व्हर बहुधा लिनक्स असतो, तिथं फोटो सापडत नाही आणि वेबसाइटवर रिकामा चौकोन दिसतो. नाव बदलायचं तर 'गिट एमव्ही जुनं-नाव नवं-नाव' नं बदला.

१०. मधातच लाइन गेली तर

डेस्कटॉपवाल्यांसाठी हे. कमिट चालू असताना लाइन गेली आणि परत आल्यावर "इंडेक्स डॉट लॉक, फाइल एग्झिस्ट्स" असा एरर आला, तर गिटनं काम करताना लावलेली कडी तशीच राहिली. आधी व्हीएस कोड आणि बाकी टर्मिनल बंद करा, कारण कधीकधी ते खरंच मागं काम करत असतात आणि कडी तेव्हा खरी असते. मग एक मिनिट थांबून 'डॉट गिट' फोल्डरमधली फक्त 'इंडेक्स डॉट लॉक' ही एकच फाइल काढा. शेजारची 'इंडेक्स' नाही, नाव नीट वाचा.

त्यानंतर 'गिट एफएससीके', गिटच्या आतला साठा धड आहे का ते ही कमांड तपासते. "डँगलिंग" लिहिलेल्या ओळी आल्या तर काळजी नाही, ते सुटे तुकडे असतात. "मिसिंग", "करप्ट" किंवा "ऑब्जेक्ट फाइल इज एम्प्टी" आलं तर त्या फोल्डरमध्ये आता काहीही करू नका. आख्ख्या फोल्डरची कॉपी बाजूला काढा, सर्व्हरवरून दुसऱ्या जागी नवीन 'गिट क्लोन' (आख्ख्या प्रोजेक्टची प्रत) घ्या, आणि जुन्या फोल्डरमधल्या तुमच्या बदललेल्या फाइली, 'डॉट गिट' सोडून, एकेक करून नव्यात आणा. मग त्या नव्या फोल्डरमध्ये 'गिट स्टेटस' मारा, लाइन जाण्याआधी जे काम होतं ते लाल गटात ओळीनं दिसलं पाहिजे. एखादं नाव कमी दिसलं तर जुन्या कॉपीत परत जाऊन शोधा, आणि सगळं पुश होईपर्यंत ती कॉपी डिलीट करू नका.